पुरातत्त्व नियतकालिकांच्या संपादकांना खुले पत्र: क्षेत्रनोंदीसाठी एक पान द्या

प्रति,
मा. संपादक आणि संपादक मंडळाचे सदस्य,
भारतातून प्रसिद्ध होणारी पुरातत्त्वविषयक नियतकालिकं

स. न. वि. वि.

प्रवरा खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्याकडे वर्षभर माणसं येत असतात. कुणाच्या पिशवीत खापरं असतात, कुणाच्या मोबाइलमध्ये वीरगळाचे फोटो, तर कुणी विहिरीच्या कामात लागलेल्या विटांची मापं वहीत उतरवून आणतो. त्यात माझे आजी-माजी विद्यार्थी असतात, प्राथमिक शिक्षक असतात, शेतकरी असतात, एखादा तलाठीही असतो. बसल्यावर पाणी पिऊन झालं की प्रश्न ठरलेला: "सर, हे कुठे छापून येईल?" या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. ते तुमच्याकडे आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि चारचौघांत.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या 'लेखकांसाठी सूचना' मी विद्यार्थ्यांबरोबर बसून ओळ न् ओळ वाचल्या आहेत. संदर्भसूचीत आडनाव आधी की नाव आधी, वर्ष कंसात की कंसाबाहेर, सारांश किती शब्दांचा, हे सगळं त्यात असतं आणि ते असायलाच हवं. पण एखाद्याला नवं स्थळ सापडलं, तर त्याची नोंद कशी लिहावी आणि तिच्यात कमीत कमी काय असल्याशिवाय ती पाठवू नये, याबद्दल मी पाहिलेल्या बहुतेक सूचनांत एक ओळही नाही. ते एक पान तुम्ही लिहा. आणि त्या पानाप्रमाणे लिहिलेली दोन-तीन पानांची क्षेत्रनोंद, ती मराठीत असली तरी, तुमच्या अंकात छापा. एवढंच मागणं आहे. बाकीचं पत्र ते का मागतोय आणि त्या पानावर काय असावं याबद्दल आहे.

आमच्या भागातलंच उदाहरण घेतो. 1974 साली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन 60 किलोच्या वर. हे स्थळ 1958 पासून अभ्यासकांना माहीत होतं, तिथे आधी उत्खननही झालं होतं. वस्तू सापडल्यानंतर एस. आर. राव यांनी आणि पुढे एस. ए. साळी यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे तिथे काम केलं, साळींचा अहवाल 1986 मध्ये आला. इतक्या मोठ्या माणसांनी इतकी मेहनत घेऊनही या चार वस्तू नेमक्या कोणत्या काळातल्या, हा वाद संपलेला नाही. म. न. देशपांडे, राव आणि साळी यांच्या मते त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवलं: या वस्तूंत आर्सेनिक 1 टक्क्याहून जास्त आहे, इतर ताम्रपाषाणयुगीन (दगडाबरोबर तांबं वापरणाऱ्या काळातल्या) वस्तूंत तशी मिश्रणं आढळलेली नाहीत, तेव्हा त्या ऐतिहासिक काळातल्या, म्हणजे बऱ्याच नंतरच्याही असू शकतील. या वादाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. वस्तू उत्खननातल्या मोजलेल्या थरातून आल्या नाहीत. त्या दिवशी खड्ड्याची खोली, मातीचा रंग, शेजारी पडलेली खापरं हे कुणीतरी लिहून ठेवलं असतं, तर आज वादाची जागा बरीच आवळली असती.

छबू भिल यांच्याकडे बोट दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला बोचतं ते हे की पन्नास वर्षांनंतर आजही आम्ही कुणाला सांगत नाही. महाराष्ट्रात पुरातत्त्वातली पहिली नजर बहुतेक वेळा स्थानिक माणसाचीच असते. कोकणातली कातळशिल्पं पाहा. गावकऱ्यांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांनी सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, पायाखाली घातले, घरोघरी विचारपूस केली, तेव्हा ती मोठ्या संख्येनं अभ्यासकांसमोर आली. 2022 मध्ये त्यांतली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी, गोव्यातलं फणसमाळ अशी स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. या माणसांनी कुणाची वाट पाहिली नाही म्हणून हे झालं. पण प्रत्येक तालुक्यात इतकी चिकाटी धरणारं कुणी असेलच असं नाही. जे आहेत त्यांना वाट दाखवणं तुमच्या हातात आहे.

आता आमच्याकडचं सांगतो. नदीकाठच्या जुन्या वसाहतीच्या टेकाडाला इकडे पांढर म्हणतात. राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती यांचा थरावर थर चढून ती माती भुरकट पांढरी होते आणि खत म्हणून शेतात पसरायला फार चांगली. पूर्वी ती बैलगाडीनं जायची, त्यामुळे टेकाड संपायला दोन-तीन पिढ्या लागत. आता उसाच्या लागणीआधी जेसीबी येतो आणि आठवड्यात रान सपाट होतं. शेतकऱ्याचं मी चुकीचं म्हणत नाही, जमीन त्याच्या पोटाची आहे. पण जेसीबीनं अर्धं टेकाड उतरवलं आणि काम एक-दोन दिवस थांबलं की जी उभी कड दिसते, तिच्यापुढे उभं राहिलं की पुस्तकातलं सगळं डोळ्यांसमोर येतं. चोपलेल्या जमिनींच्या पिवळसर रेषा एकावर एक, मध्येच राखेचा काळपट पट्टा, एके ठिकाणी वरून खाली खुपसल्यासारखा खड्डा आणि त्यात हाडांचे तुकडे, मोठ्या रांजणाचा काठ. परवानगीवाचून इथे कुणी कुदळ मारू नये, हे मी सगळ्यांना बजावतो. पण कड मोजायला, तिचा फोटो काढायला, आलेखाच्या कागदावर ती उतरवायला कुदळ लागत नाही. टेप, ओळंबा आणि दोन तासांचा धीर लागतो.

माझ्या एका विद्यार्थिनीनं अशीच एक कड उतरवली. थरांची जाडी, त्यांचा रंग, कोणत्या थरात कोणतं खापर अडकलेलं दिसतं, सगळं. लाल रंगावर काळी नक्षी असलेला, बाकदार अंगाच्या वाडग्याचा तुकडा आणि एक तुटलेली तोटी, म्हणजे जोर्वे पद्धतीची (याच खोऱ्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेली, ताम्रपाषाणयुगातली) भांडी ओळखणाऱ्याला शंका राहू नये इतकं स्पष्ट. तिनं चार पानं लिहिली, मी इंग्रजी तपासून दिलं, एका नियतकालिकाला पाठवली. वर्ष उलटून गेल्यावर उत्तर आलं: लेख शोधनिबंधाच्या स्वरूपात नाही. खरंच नव्हता. त्यात सिद्धांत नव्हता, पूर्वसंशोधनाचा आढावा नव्हता, निष्कर्ष नव्हता. त्यात एका टेकाडाची कड होती, आणि उत्तर येईपर्यंत त्या जागी ऊस उभा होता. तिची चार पानं आता त्या जागेबद्दल जगात असलेली एकमेव माहिती आहे आणि ती माझ्या कपाटात आहे.

तुम्ही म्हणाल, असं काहीही छापायला लागलो तर नियतकालिकाचा दर्जा काय राहील? मला हा प्रश्न रास्त वाटतो. म्हणूनच मी सवलत मागत नाही, नियम मागतो. शोधनिबंधापेक्षा क्षेत्रनोंद आखूड असेल, पण तिचे नियम जास्त कडक असावेत.

पहिली गोष्ट जागा. 'अमुक गावाजवळ नदीकाठी' हे पुरेसं नाही. गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर, आणि मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश दशांशात. गट नंबर मी मुद्दाम म्हणतो. सातबारा उतारा हा आमच्याकडे जमिनीचा सगळ्यात सहज मिळणारा कागद आहे आणि गावातल्या कुणालाही त्यावरून जागा सापडते. मात्र वाटण्या होतात, पोटहिस्से पडतात, त्यामुळे नुसत्या गट नंबरावर विसंबून चालत नाही. दोन्ही हवं.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवू नये. अचूक जागा छापली की गुप्तधन शोधणारे तिथे पहारी घेऊन पोचतात. यावर उपाय अवघड नाही. अक्षांश-रेखांशात दशांशचिन्हानंतर दोनच आकडे छापले तर जागा साधारण किलोमीटरभराच्या टप्प्यात कळते, चार छापले तर दहा-अकरा मीटरपर्यंत. छापील नोंदीत दोन आकडे द्या आणि गट नंबर गाळा. पूर्ण तपशील संपादकांच्या दप्तरी ठेवा आणि त्याची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवल्याचं लेखकाकडून लिहून घ्या. कोकणात मात्र उलटं करावं लागेल असं मला वाटतं. तिथे चिरेखाणीचा धोका चोरापेक्षा मोठा आहे, आणि शिल्प कोणत्या सड्यावर आहे हे जगजाहीर झालं की ते वाचण्याची शक्यता वाढते. म्हणजे सरसकट एक नियम न लावता लेखकानं कारण द्यावं आणि संपादकांनी ठरवावं.

नाणी, ताम्रपट असं काही मातीत सापडलेलं असेल तर आणखी एक ओळ लागेल. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेली, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. ती कळवली आहे, असं लेखकानं स्पष्ट लिहिल्याशिवाय नोंद घेऊ नका. बाजारातून घेतलेलं नाणं 'अमुक गावी सापडलं' म्हणून छापून आणणारे लोक आहेत. त्यांना दार बंदच असलं पाहिजे.

फोटोंबद्दल तुमच्या सूचनांत '300 डीपीआय' एवढं असतं. खेड्यातल्या माणसाला त्यावरून काहीच कळत नाही, आणि खरी गडबड वेगळीच असते. फोटो व्हॉट्सॲपवरून येतो. तिथे तो दाबला जाऊन लहान होतोच, शिवाय कॅमेऱ्यानं फोटोत आपोआप भरलेली वेळ आणि जागा पुसली जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सगळं शाबूत राहतं. हे एक वाक्य तुमच्या सूचनांत असतं, तर माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं काम वाया गेलं नसतं. दुसरं वाक्य मापपट्टीचं. प्रत्येक फोटोत पट्टी हवी आणि ती वस्तूच्या पातळीत हवी. पुढे धरलेली पट्टी मोठी दिसते, माप चुकतं. आणि तिसरं खास शिल्पांसाठी: खोबणीत खडू किंवा चुना भरू नका, पाणी ओतू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरक्या उजेडात खोदलेली रेघ आपसूक उठून दिसते. भर दुपारी तेच शिल्प सपाट भासतं.

खापराच्या चित्राबद्दल मात्र सविस्तर लिहा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुरातत्त्वात बहुतेक ओळख त्यावरूनच पटते आणि बाहेरच्या माणसाला ते कुणी शिकवत नाही. काठाचा तुकडा घ्यायचा, तो सपाट जागेवर पालथा टेकवून जिथे काठ फटीशिवाय बसतो तो कल पकडायचा, मग एकाच मध्याभोवती काढलेल्या वर्तुळांच्या कागदावर ठेवून तोंडाचा व्यास पाहायचा. मधल्या रेघेच्या डावीकडे भिंतीचा छेद, उजवीकडे बाहेरची बाजू. हे एकदा दाखवलं की बारावी झालेला मुलगाही तासाभरात काढू लागतो, मी हे वर्गात पाहिलं आहे. तुकडा काठाचा किती टक्के भाग आहे हेही लिहायला सांगा. वीसातला एक भाग शिल्लक असेल तर व्यासाचा आकडा अंदाजच असतो आणि वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे. चित्राखाली 'प्रमाण 1:3' असं लिहू देऊ नका. छपाईत चित्र लहान-मोठं होतं आणि ते वाक्य खोटं ठरतं. चित्रातच सेंटीमीटरची पट्टी काढली की ती चित्राबरोबर लहान-मोठी होते. अनेक जाणत्या लेखकांच्या छापील चित्रांतही हा दोष मला दिसला आहे.

आणि काळाबद्दल. उत्साही माणूस पहिल्याच ओळीत 'पाच हजार वर्षांपूर्वीचं' लिहितो. क्षेत्रनोंदीत काळाचा दावा करण्याची मुभाच ठेवू नका. लेखकानं एवढंच म्हणावं की हे खापर नेवाशाच्या किंवा इनामगावच्या उत्खननाच्या अहवालातल्या अमुक आकृतीतल्या अमुक क्रमांकासारखं दिसतं. ते पटतं की नाही हे वाचणारा जाणकार ताडून पाहील. लेखकाला त्यासाठी अहवाल उघडावा लागेल, आकृत्या चाळाव्या लागतील, आणि तेवढ्यानं त्याचं अर्धं शिक्षण होईल.

इथे एक गोष्ट क्षेत्रनोंदीबाहेरची, तुमच्या नेहमीच्या शोधनिबंधांबद्दल सांगतो, कारण नियम कडक असावेत असं म्हणताना ते फक्त गावाकडच्यांसाठी म्हणणं बरोबर नाही. कार्बन-14 च्या (कोळसा, धान्य अशा अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या) तारखा अजूनही अनेक लेखांत 'इ.स.पू. 1200' अशा मोघम येतात. प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक नाही, मूळ आकडा नाही, त्याची कमी-अधिक मर्यादा नाही. आपल्याकडच्या जुन्या तारखांत तर जास्तच जपायला हवं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या तारखा आपल्या पुस्तकांत 5568 आणि 5730 वर्षं अशा दोन्ही अर्धायुष्यांनी (तो कार्बन निम्मा व्हायला लागणारा काळ) मोजून छापल्या गेल्या. दोन आकड्यांत जवळपास 3 टक्के फरक पडतो, म्हणजे तीन हजार वर्षांमागे सुमारे 90 वर्षं. या वर्षांचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर करण्याची आजची गणितं 5568 च्या आकड्यावर चालतात. कुणी नकळत 5730 चा आकडा त्यात घातला, तर उत्तर जोर्वे काळाच्या चर्चेत अख्खा टप्पा सरकवू शकतं. शिवाय इ.स.पू. 800 ते 400 या पट्ट्यात हे रूपांतर ज्या आलेखावरून होतं तो वक्र जवळजवळ सपाट आहे. त्या काळातली एकटी तारीख शतकाच्या आत आवळताच येत नाही. उत्तर जोर्वे वसाहती ओस पडल्या आणि त्यानंतर काय झालं, हा दख्खनच्या पुरातत्त्वातला मोठा प्रश्न नेमका या पट्ट्याला येऊन भिडतो. तेव्हा नमुना क्रमांक, मूळ आकडा, मर्यादा, कोणतं अर्धायुष्य आणि कोणता वक्र, हे पाच तपशील नसतील तर लेख परीक्षकाकडे जाण्याआधीच परत करा. लेखक कितीही मोठा असो.

लहान नोंदी छापणं आपल्याकडे नवं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू' 1953-54 पासून निघतो. जिल्हा, गाव, काय मिळालं, एवढ्या चार-सहा ओळींच्या त्याच्या नोंदींवर कितीतरी पीएच.डी. उभ्या राहिल्या. पण ते संस्थांच्या कामाचं वृत्त आहे आणि अंक हातात पडायला वर्षं लागत आली आहेत. पुण्यात 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं, तेव्हापासून मंडळाच्या प्रकाशनांत वाड्या-वस्त्यांतून आलेली कागदपत्रं, लेख, टिपणं मराठीत छापली गेली. ती आणणारे सगळे काही प्राध्यापक नव्हते. मराठ्यांच्या इतिहासाचं दालन इतकं भरलेलं आहे त्याचं एक कारण हे आहे. जमिनीखालच्या इतिहासाला तशी सोय मिळाली नाही. आणि वेळेत छापण्याचा धडा तर याच खोऱ्यानं घालून दिलेला आहे. नाशिक आणि जोर्वे इथलं उत्खनन 1950-51 चं, सांकलिया आणि देव यांचा अहवाल 1955 चा. नेवाशाचं काम 1954 ते 56, अहवाल 1960 चा. आज साधनं शंभरपट वाढली असताना दोन पानांच्या नोंदीला वर्ष का लागावं?

मराठीचा आग्रह मी भावनेपोटी धरत नाही. थराचा रंग, मातीचा पोत, भांड्याचा घाट हे माझे लोक मराठीत फार बारकाईनं सांगू शकतात. इंग्रजीत लिहायला बसले की तेच 'ब्लॅक सॉइल' आणि 'ओल्ड पॉट' होतं, कारण पुढचे शब्द त्यांच्याकडे नसतात. निरीक्षण भाषांतरात गळतं आणि जे गेलं ते परत मिळत नाही, कारण टेकाडच उरलेलं नसतं. नोंद मराठीत घ्या, वर इंग्रजी सारांश जोडा. उलट बाजूनंही तेच करा. महाराष्ट्रातल्या स्थळावरच्या प्रत्येक इंग्रजी निबंधाला दीडशे-दोनशे शब्दांचा मराठी सारांश सक्तीचा करा. लॅटिन अमेरिकेच्या पुरातत्त्वावरची नियतकालिकं इंग्रजी लेखाबरोबर स्पॅनिश सारांश छापतात, आफ्रिकेवरची फ्रेंच छापतात. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर आठ आठवडे तंबू पडले होते, त्याला आपल्या रानात काय मिळालं हे वाचता येऊ नये, हे मला मान्य करता येत नाही. आणि ज्याला ते वाचता येईल, तो पुढच्या वेळी जेसीबीवाल्याला 'दोन दिवस थांब' म्हणेल.

श्रेयाचा विषय अवघड आहे, तरी बोलतो. टेकाड दाखवणारा एक, त्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा एक, आणि निबंधावर नाव तिसऱ्याचंच, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आभाराच्या ओळीत 'स्थानिक ग्रामस्थ' असं लिहून मोकळं होतात. 1974 च्या त्या शोधात छबू लक्ष्मण भिल हे नाव अभ्यासकांनी लिहून ठेवलं आणि म्हणून ते टिकलं. तीच रीत नियमात आणा. जागा पहिल्यांदा कुणी दाखवली, केव्हा दाखवली, हे त्या व्यक्तीच्या संमतीनं नोंदीत आलंच पाहिजे. ज्यानं मोजमापं घेतली आणि चित्रं काढली, त्याचं नाव लेखकांत असलं पाहिजे.

यातलं काहीच झालं नाही तर ही मुलं गप्प बसतील असं समजू नका. ती पैसे भरून तीन दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांकडे जातात. पीएच.डी.साठी निबंध छापलेला असण्याची देशपातळीवरची सक्ती 2022 च्या नियमांत गेली, 2019 पासून चाललेली यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादीही 2025 मध्ये बंद झाली. पण नोकरीच्या मुलाखतीत 'पब्लिकेशन किती?' हे विचारणं काही थांबलेलं नाही. कोणतं नियतकालिक खरं आणि कोणतं बनावट, हे ओळखायचं ओझं आता पूर्णपणे त्या मुलावर आलं आहे. परदेशातल्या खुल्या (वाचकाला फुकट असणाऱ्या) नियतकालिकांचं लेख छापण्याचं शुल्क हजार डॉलरच्या वर असतं, तो रस्ता त्याच्यासाठी नाहीच. बनावट ठिकाणी कड छापून येते, पण पट्टी नाही, जागा नाही, थर नाहीत, आणि पुढचा अभ्यासक तिकडे कधी फिरकत नाही. टेकाडही गेलं आणि नोंदही गेली.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे काम विनामोबदला, स्वतःचं अध्यापन आणि संशोधन सांभाळून करता, परीक्षकही फुकट वाचतात, याची मला जाणीव आहे. म्हणूनच एका पानाची मागणी आहे. त्या पानाच्या कसोटीला न उतरलेली नोंद दोन ओळींच्या उत्तरानं आठवड्यात परत पाठवा. आम्हाला नकाराचं वाईट वाटत नाही. लगेच मिळालेला नकार आम्हाला परत त्या कडेपाशी नेतो, ती तिथे असेपर्यंत राहिलेलं माप घेता येतं.

त्या पानाचा मराठी मसुदा आम्ही काही शिक्षकांनी मिळून तयार करायला घेतला आहे, खापराचं चित्र कसं काढावं याच्या आकृत्यांसह. तुमच्यापैकी जे कुणी तो तपासून, बदलून, आपल्या सूचनांत घ्यायला तयार असतील त्यांना तो द्यायची आमची तयारी आहे, त्यावर आमचं नाव नको. फक्त ऊस लागणीच्या आधीच्या महिन्यांत तो लोकांच्या हातात पडेल असं पाहा, कारण सपाटीकरण तेव्हाच होतं. आणि त्या विद्यार्थिनीची चार पानं, कडेच्या मूळ आलेखासह, मी पुन्हा पाठवणार आहे. या वेळी क्षेत्रनोंद म्हणून.

कळावे,

आपला,
प्रवराकाठचा एक इतिहास-शिक्षक